खाऱ्या पाण्याचा तलाव आणि क्लोरीनचा जमाखर्च



आपल्या संकेतस्थळावर नाटक, भजन, जुनी घरे, जुनी माणसे यांवर लेख येतात. त्यांच्या पंगतीत क्लोरीनच्या यंत्राने येऊन बसावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण गेल्या काही वर्षांत मंडळाच्या बऱ्याच सभासदांच्या वडिलार्जित घरांमागे पोहण्याचे तलाव झाले आहेत. कुणी नातवंडांसाठी बांधला, कुणी घराचा एक भाग पाहुण्यांना देतो म्हणून बांधला. कोजागिरीच्या रात्री दूध आटेपर्यंत यावरच बोलणे चालले होते. यंत्र नवे, मीठ पुरेसे, तरी पाणी हिरवे होते, अशी चौघांची तक्रार होती. आमच्या घरीही हेच झाले होते, आणि त्यातून आम्ही जे शिकलो ते लिहून काढू, असा शब्द आम्ही त्या रात्री दिला.

आम्ही बी. कॉम. रसायनशास्त्राशी आमचा संबंध शाळेपुरता. पण बँकेत उभा जन्म गेला, आणि तलावाचे हे काम पाहिले तर जमा आणि नावे यापलीकडे फारसे काही नाही, असे आमच्या लक्षात आले. म्हणून ते त्याच भाषेत सांगतो.

आमच्या घरी काय झाले

फोंडा तालुक्यातल्या आमच्या मूळ घरामागे पुतण्याने तलाव बांधला. लांबी १२ मीटर, रुंदी ५ मीटर, एका टोकाला १ मीटर खोल, दुसऱ्या टोकाला १.८ मीटर. विक्रेत्याने तासाला २० ग्रॅम क्लोरीन तयार करणारा सॉल्ट क्लोरिनेटर बसवून दिला. खोक्यावर ठळक अक्षरांत होते, ‘९०,००० लिटरपर्यंत’. आमचा तलाव ८४,००० लिटरचा. सगळे जमले असे वाटले.

डिसेंबर-जानेवारीत पाणी आरशासारखे होते. एप्रिलमध्ये घरात मुंज होती. मुंबई, पुणे, बेळगावहून माणसे आली, मुले सकाळ-संध्याकाळ पाण्यात. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ दिसू लागले, पाचव्या दिवशी पायऱ्या शेवाळाने निसरड्या झाल्या. वहिनींनी तलावाच्या दाराला कुलूप घातले आणि ते बरोबरच केले. तळ दिसत नसेल तर बुडणारे मूल वरून दिसत नाही. पोटाचे, कानाचे, डोळ्यांचे विकार ही त्यानंतरची गोष्ट. मुले दाराशी उभी राहून रडत होती, आणि विक्रेता फोनवर सांगत होता, ‘यंत्रात काहीच दोष नाही.’

यंत्रात खरोखरच दोष नव्हता. चूक निवडीत होती.

हे यंत्र करते काय

एक गैरसमज आधी दूर करू. मिठाच्या पाण्याचा तलाव म्हणजे क्लोरीन नसलेला तलाव नव्हे. क्लोरीन त्यातही असतेच, फक्त ते डब्यातून न येता जागच्या जागी तयार होते. पाण्यात थोडे मीठ विरघळवायचे, ते पाणी पंपाने ‘सेल’मधून न्यायचे. सेलमध्ये टायटॅनियमच्या, विशिष्ट धातूंच्या ऑक्साइडचा लेप दिलेल्या पट्ट्या असतात. त्यांतून वीज गेली की मिठातून क्लोरीन सुटते आणि पाण्यात मिसळते. जंतू मारून, उन्हात विघटन होऊन त्याचे पुन्हा मीठ होते. म्हणून मीठ संपत नाही. ते कमी होते ते पाणी बाहेर गेल्यामुळे: गळतीने, फिल्टरच्या बॅकवॉशने किंवा पावसाने तलाव भरून वाहिल्यामुळे.

बहुतेक यंत्रांना दर लिटरला सुमारे साडेतीन ग्रॅम मीठ लागते. समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम असते, म्हणजे हे त्याच्या एक दशांश. आमच्या तलावाला ८४ घनमीटर गुणिले साडेतीन किलो, म्हणजे २९४ किलो मीठ लागले. पन्नास किलोच्या सहा गोण्या. आगरवाड्याच्या मिठागराचे जाडे मीठ पेजेबरोबरच्या लोणच्याला उत्तम, पण सेलला नको. त्यातली माती आणि इतर क्षार पट्ट्यांवर बसतात. इथे शुद्ध, आयोडीन नसलेले मीठच घ्यावे.

पहिला आकडा: पाणी किती

लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळे मीटरमध्ये. उतार एकसारखा असेल तर दोन्ही टोकांच्या खोलीची बेरीज करून निम्मी करावी. आमचे १ अधिक १.८, त्याचे निम्मे १.४. मग १२ × ५ × १.४ = ८४ घनमीटर. तळ पायरीपायरीने खाली जात असेल तर तुकडे पाडून वेगवेगळे मोजावेत. ताळा पाहायचा असेल तर पहिल्यांदा तलाव भरतानाच्या टँकरच्या पावत्या काढाव्यात. दहा हजार लिटरचे साडेआठ टँकर लागले असतील, तर हिशेब जुळला.

घनमीटरमध्ये मोजण्याचा मोठा फायदा असा की एक घनमीटर पाण्यात एक ग्रॅम क्लोरीन घातले की त्याचे प्रमाण बरोबर १ पीपीएम होते, म्हणजे दशलक्षात एक भाग. आमच्या तलावात १ पीपीएम म्हणजे ८४ ग्रॅम. पुढचा सगळा हिशेब यावर उभा आहे.

दुसरा आकडा: रोजचा खर्च किती

क्लोरीन रोज खर्च होते. सर्वांत मोठा खर्चिक म्हणजे ऊन. संरक्षण नसेल तर भर दुपारी तासा-दीड तासात निम्म्याहून अधिक क्लोरीन उडून जाते. म्हणून उघड्या तलावात स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड, घालतात. सॉल्ट क्लोरिनेटरचे बरेच उत्पादक त्याचे प्रमाण ६० ते ८० पीपीएम ठेवायला सांगतात. आमच्या तलावाला ७० पीपीएमसाठी सुमारे ५.९ किलो लागले. ते घातले नसेल तर कितीही मोठे यंत्र आणा, उन्हापुढे टिकणार नाही. मात्र ते जास्तही होऊ देऊ नये, कारण ते क्लोरीनला उन्हापासून वाचवते तसे त्याचा जोरही कमी करते.

स्टॅबिलायझर असताना उन्हाळ्यात रोज साधारण २ ते ४ पीपीएम क्लोरीन खर्च होते. आपल्या तलावाचा खरा आकडा घरीच काढता येतो. सकाळी पाण्यात ४-५ पीपीएम क्लोरीन असताना यंत्र बंद करावे, पंप नेहमीसारखा चालू ठेवावा. थेंबांच्या टेस्ट किटने सकाळी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजावे. जी घट येईल तो रोजचा खर्च. रात्रीचे वेगळे पाहायचे असेल तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी मोजावे. रात्री ऊन नसते, तेव्हा एका पीपीएमपेक्षा जास्त घट आली तर समजावे की पाण्यात शेवाळ किंवा घाण आधीच आहे. ती आधी काढावी, यंत्राचे नंतर पाहावे.

आमच्याकडे एप्रिलच्या साध्या दिवशी घट आली ३ पीपीएम. म्हणजे २५२ ग्रॅम. घर भरलेले असताना ४ पीपीएम, म्हणजे ३३६ ग्रॅम.

तिसरा आकडा: यंत्राला वेळ किती मिळतो

इथेच आमची फसगत झाली, आणि कोजागिरीला बोललेल्या चौघांचीही बहुधा इथेच झाली आहे.

सेल फक्त पंप चालू असतानाच काम करतो. खोक्यावरचा ‘इतक्या लिटरपर्यंत’ हा आकडा मात्र बहुधा चोवीस तास, पूर्ण क्षमतेने यंत्र चालेल असे धरून काढलेला असतो. तासाला २० ग्रॅम, चोवीस तासांचे ४८० ग्रॅम, आमच्या तलावात ५.७ पीपीएम. आकडा खोटा नाही. पण घरात पंप चोवीस तास कोण चालवतो? आमचा पंप आठ तास चालायचा. आठ विसे एकशे साठ. जमा १६० ग्रॅम, खर्च २५२. रोज ९२ ग्रॅमची, म्हणजे १.१ पीपीएमची तूट.

सुरुवातीला पाण्यात शिल्लक होती ३ पीपीएम. अशा खात्याचे काय होणार ते सांगायला बँक अधिकारी नको. साध्या दिवसांत तिसऱ्या दिवशी शिल्लक संपली असती. मुंजीच्या गर्दीत रोजची तूट २.१ पीपीएमवर गेली आणि दीड दिवसातच खाते रिकामे झाले. प्रत्यक्षात क्लोरीन उतरत जाते तसा उन्हाचा खर्चही थोडा कमी होतो. पण तेवढ्यात शेवाळ धरते आणि नवा खर्च सुरू होतो. डिसेंबरमध्ये खर्च कमी होता म्हणून उणीव दिसली नाही, इतकेच.

विलायती यंत्रांवर कधी ‘दिवसाला इतके पौंड’ असे असते. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, आणि तो ‘दिवस’ही चोवीस तासांचाच. गॅलनमध्ये आकडा असेल तर अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, आणि आपल्या जुन्या मंडळींच्या तोंडचा ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, हेही पाहावे. दुकानात एकच प्रश्न विचारावा: तासाला किती ग्रॅम?

तीन आकड्यांचा मेळ

व्यापाऱ्याला कॅश क्रेडिट मंजूर करताना आम्ही वर्षाची सरासरी कधी पाहिली नाही. दिवाळीपूर्वी माल भरताना त्याला जास्तीत जास्त किती लागेल ते पाहिले, आणि वर थोडी मोकळीक ठेवली. मर्यादा मोठी असली म्हणजे ती रोज पूर्ण वापरायची असे नसते. यंत्राचेही तसेच.

घनमीटर गुणिले रोजची घट, भागिले पंपाचे तास. आमचे ८४ × ३ ÷ ८ = तासाला ३१.५ ग्रॅम. पण यंत्र रोज शंभर टक्क्यांवर चालवू नये, सत्तर टक्क्यांवर भागावे. म्हणून ३१.५ ला ०.७ ने भागले. उत्तर ४५ ग्रॅम. बाजारात त्याच्या वरचे मिळते ५० ग्रॅमचे. मुंजीच्या दिवसांचे ३३६ ग्रॅम आठ तासांत काढायचे तर तासाला ४२ लागतात, तेही त्यात बसतात.

रोजची घट ३ पीपीएम आणि पंप ८ तास धरला तर:

- ४० घनमीटरला सुमारे २१ ग्रॅम
- ६० घनमीटरला सुमारे ३२ ग्रॅम
- ८४ घनमीटरला ४५ ग्रॅम
- १२० घनमीटरला सुमारे ६४ ग्रॅम

लक्षात ठेवायला सोपे असे, की जितके घनमीटर त्याच्या निम्मे ग्रॅम, वर थोडे.

मोठे यंत्र महाग पडत नाही का

विकत घेताना पडते. चालवताना उलट होते.

एक म्हणजे वीज. २० ग्रॅमच्या यंत्राकडून २५२ ग्रॅम काढायचे तर पंप १२.६ तास चालवावा लागतो, म्हणजे रोज साडेचार तास जास्त. दीड अश्वशक्तीच्या पंपाला तासाला सव्वा युनिट धरले तर रोजची साडेपाच युनिटे, महिन्याची सुमारे १७० युनिटे. आपल्या बिलावरचा दर घेऊन गुणाकार करावा.

दुसरे म्हणजे सेलचे आयुष्य. पट्ट्यांवरचा लेप झिजतो आणि उत्पादक सेलचे आयुष्य चालू तासांत सांगतात. समजा ते १०,००० तास आहे. २० ग्रॅमचा सेल तेवढ्या काळात २०० किलो क्लोरीन देईल, ५० ग्रॅमचा ५०० किलो. सेलच्या किमतीला या किलोंनी भागावे आणि मग स्वस्त कोणता ते ठरवावे. शिवाय २५२ ग्रॅमसाठी मोठा सेल रोज पाचच तास चालतो. बहुतेक यंत्रांत टक्केवारी कमी करणे म्हणजे सेल तेवढा वेळ बंद ठेवणे.

तरीही गरजेच्या तिप्पट-चौपट यंत्र घेऊ नये. टक्केवारी कमी करायची विसरली तर क्लोरीन प्रमाणाबाहेर जाते, आणि अडकलेले भांडवल ते भांडवलच.

रोजची देखरेख

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या शिफारशीप्रमाणे पाण्याचा पीएच ७.० ते ७.८ आणि मुक्त क्लोरीन किमान १ पीपीएम हवे, स्टॅबिलायझर असेल तर किमान २. आम्ही ३ ते ४ ठेवतो. या यंत्राने पीएच हळूहळू वर चढतो, म्हणून आठवड्यातून दोनदा तपासून थोडे ॲसिड घालावे लागते. ॲसिड पाण्यात घालावे, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. ॲसिड आणि लिक्विड क्लोरीन एकत्र येऊ देऊ नये, विषारी वायू होतो. सेलमध्ये हायड्रोजनही तयार होतो. पाणी वाहत नसेल तर सेल बंद करणारा फ्लो स्विच त्यासाठीच असतो. ‘सारखा बंद पडतो’ म्हणून तारा जोडून तो निकामी करणारे मेकॅनिक आम्ही पाहिले आहेत. तसे करू देऊ नका.

आणि पाणी एकदा हिरवे झाले की यंत्राच्या भरवशावर राहू नये. लिक्विड क्लोरीन घालून, घासून, गाळून पाणी साफ करावे. यंत्र रोजच्या खर्चासाठी आहे, बुडीत खाते वर काढण्यासाठी नाही.

आपला पाऊस

आता जे कुठल्याही माहितीपत्रकात आम्हाला सापडले नाही ते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे तीन मीटर. आमच्या तलावाचे तोंड ६० चौरस मीटर. त्यावर पावसाळ्यात १८० घनमीटर पाणी पडते. तलाव ८४ घनमीटरचा. म्हणजे तलावाच्या दुपटीहून जास्त गोडे पाणी आत येते आणि तेवढेच पाणी मीठ घेऊन बाहेर जाते. मीठ लिटरला अडीच-पावणेतीन ग्रॅमच्या खाली गेले की बरीच यंत्रे तक्रार करू लागतात. पहिल्या जूनमध्ये आमच्या पुतण्याने पंधरवड्यात दोनदा मिठाच्या गोण्या ओतल्या. ते मीठ व्हाळाने समुद्राला परत केले, असे आम्ही घरात हसलो.

पण ते समुद्रापर्यंत गेले नव्हते. तलावाचा ओव्हरफ्लो आमच्या मागच्या पाटात सोडला होता, आणि पाट खालच्या कुळागरात जातो. कुळागराचे म्हातारे मालक एका सकाळी छत्री घेऊन आले. तलाव बघितला, गोण्या बघितल्या आणि विचारले, ‘‘हें उदक वता खंय?’’ आमच्याजवळ उत्तर नव्हते. तीनशे किलोंच्या आसपास मीठ त्यांच्या माडा-पोफळींच्या आणि विहिरीच्या दिशेने चालले होते. माड खारे पाणी थोडेफार सोसतो, पोफळ सोसत नाही. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यामुळे आम्हाला जास्त लाज वाटली.

आता आम्ही असे करतो. एप्रिलच्या मध्यानंतर नवे मीठ घालत नाही. पाऊस लागला की यंत्र बंद, सेल काढून स्वच्छ करून ठेवायचा. जून ते सप्टेंबर लिक्विड क्लोरीनवर भागवायचे. ओव्हरफ्लो आणि बॅकवॉशचा नळ पंचायतीला विचारून रस्त्याकडेच्या गटाराकडे वळवला आहे. ऑक्टोबरमध्ये मीठ आणि स्टॅबिलायझर मोजून जितके कमी तितकेच घालायचे. म्हणजे यंत्राचे वर्ष आपल्याकडे आठ महिन्यांचे. हेही खरेदीच्या हिशेबात धरावे. आणि तलावाच्या खाली कुणाची विहीर वा कुळागर असेल, पाणी दुसरीकडे नेता येत नसेल, तर हे यंत्र घेऊच नये असे आमचे मत आहे. लिक्विड क्लोरीननेही पाण्यात मीठ वाढते, पण ते थोडे थोडे. तलावाच्या कडेला चिऱ्याची बांधणी असेल तर तीही खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांनी झिजते, म्हणून कडा गोड्या पाण्याने धुवाव्यात.

त्या एप्रिलमध्ये पंप चौदा तास चालवून आणि लिक्विड क्लोरीन घालून वेळ मारून नेली. ऑक्टोबरमध्ये पुतण्याने ५० ग्रॅमचे यंत्र घेतले. जुने विकले, त्यात तोटा झाला. पुढच्या एप्रिलला मुले पुन्हा आली, आठ दिवस राहिली, आणि तलावाच्या दाराला कुलूप लागले नाही. कुळागराचे मालकही एका संध्याकाळी आले, वळवलेला नळ शेवटपर्यंत चालत जाऊन पाहिला, आणि मग चहाला बसले.

ज्या सभासदांना आपला हिशेब ताडून पाहायचा असेल त्यांनी तीन आकडे कागदावर लिहून पुढच्या बैठकीला आणावेत: घनमीटर किती, रोजची घट किती, पंपाचे तास किती. चौथी ओळ पाणी कुठे जाते याची. आम्ही पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसतो.